दोन अंगठ्यांची परवानगी

लेकीच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना भुईगावच्या नरहरी चुरींनी छाती फुगवून जाहीर केलं, "यंदा या घरातलं कोणीही दारोदार अक्षत देत फिरणार नाही! आमंत्रणं आपला एजंट करील!"

एजंट म्हणजे मुलाने, केयूरने, फोनवर बसवून दिलेला एआय. तो यादी तपासणार, दुबार नावं पुसणार आणि निरोप धाडणार!

"माझ्या भावाला तरी जाऊन बोलवा," त्यांची बायको द्वारकाबाई म्हणाल्या. "हेमालीला मांडवात आणणारा मामा आहे तो!"

"त्यालाही निरोप जाईल. मानाचा!"

केयूरने मात्र पाचर मारून ठेवली होती. "बाबा, पुसायचं काम याच्या एकट्याच्या हातात द्यायचं नाही. आधी तो कुटुंबाच्या ग्रुपवर विचारेल. दोघांनी हो म्हटलं तरच पुसेल."

"ग्रुपवर चाळीस माणसं आहेत. ऐंशी डोळे! माशी शिंकणार कुठून?"

सकाळी एजंटाने ग्रुपवर एकतीस दुबार नावं टाकून विचारलं, 'पुसू का?' प्रश्न नेमका पडला सुप्रभातच्या गुलाबांच्या आणि कुणाच्या तरी नातवाच्या फोटोच्या मध्ये. दोन मिनिटांत दोन अंगठे उमटले! एजंटाने नावं पुसली, निरोप धाडले. नरहरी निवांत चहा प्यायले.

दुपारी फाटकाशी पाण्याचा टँकर थांबला. लग्नासाठी पाणी देणारा उमेळ्याचा कृष्णा राऊत खाली उतरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काका, मला मामाचा मान? मी पानी टाकनारा मानूस! पन पोरीला मांडवात मीच आननार! गावात पेढे वाटून आलो!"

नरहरींनी घाईघाईने फोनवर यादी उघडली. द्वारकाबाईंचा भाऊही कृष्णा राऊत, तोही उमेळ्याचाच! दोन ओळींची एक करताना एजंटाने नंबर ठेवला टँकरवाल्याचा आणि मान मामाचा!

ओट्यावरून फाटकापर्यंत, फाटकापासून ओट्यापर्यंत नरहरींच्या फेऱ्या सुरू झाल्या. "केयूर! मामा परत आण!"

"नाव परत लिहिता येईल, बाबा. मामा तुम्हालाच आणावा लागेल."

तेवढ्यात मामाच्या बायकोचा, वसुंधरेचा फोन. "भावोजी, टँकरवाला आमच्याच दारात पेढे देऊन गेला! हे जेवले नाहीत. म्हणतात, लग्नाला येनार नाय!"

मामाविना मुलगी मांडवात कशी आणायची? नरहरींनी द्वारकाबाईंना स्कूटरवर बसवलं आणि थेट उमेळं गाठलं. मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"कृष्णाभाऊ, चूक मशीनची!"

"मशीनला पुसायची परवानगी कोनी दिली?"

नरहरींनी फोन पुढे केला. पहिला अंगठा द्वारकाबाईंचा.

"मी गुलाबाला दिला होता हो!" त्या पुटपुटल्या.

दुसरा अंगठा बघायला मामांनी फोन आधी लांब धरला, मग जवळ आणला. मग चष्मा लावला. नाव त्यांचंच होतं!

"मी रोज सगळ्यांनाच देतो," मामा हळूच म्हणाले. "वाचतो कोन?"

नरहरींचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तुम्हीच स्वतःला पुसलंत! चला, मिटलं!"

मामांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"अंगठा माझा असंल, भावोजी. पन रुसायचा मान मामाचाच! मनवा!"