शेजाऱ्याची फांदी आणि इतर संशोधन

"बाई, 'मेल्यावर फोन कोणाचा' हे काय आहे?"

विधी विभागाच्या प्रमुख मॅडमनी छापील पुस्तिका दोन बोटांत धरली होती, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तशी. समोर विभागाच्या टंकलेखिका बाई उभ्या होत्या. एकतीस वर्षं नोकरी झाली होती आणि निवृत्तीला बावीस दिवस उरले होते.

"मरणोत्तर अंकीय संपदेच्या उत्तराधिकारातील संदिग्धता," बाई एका दमात म्हणाल्या. "उंच सरांचा लेख आहे तो."

"मग तसं का नाही छापलं?"

"तसंच छापायचं होतं, मॅडम."

"आणि हे? 'सॉरी म्हटलं म्हणजे गुन्हा कबूल केला का?' हे कोणाचं?"

बाई जरा घुटमळल्या. "ते तुमचं."

मॅडम खुर्चीत बसल्या. "क्षमायाचनेचे पुराव्यात्मक मूल्य. अकरा वर्षं घालवलीत मी त्यात."

"हो ना. मीच टाइप केलंय. पण मॅडम, आहे तेच ना त्यात?"

"तेच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण तसं नाहीये!"

झालं होतं ते असं. विभागातल्या एकोणीस प्राध्यापकांनी वर्षभरात काय काय लिहिलं त्याची एक सूची दरवर्षी छापली जाई. कायद्याचे प्राध्यापक कशावर लिहितात, असं विचारण्यात अर्थ नव्हता. कशावर लिहीत नाहीत असं विचारलं असतं तर उत्तर लवकर संपलं असतं. एक जण अंतराळातल्या कचऱ्यावर लिहीत होते, एक जण कुंपणावर. एका तरुण मॅडमनी यंत्राने काढलेल्या चित्राचा मालक कोण यावर दोनशे पानं लिहिली होती, आणि त्यांच्या शेजारच्या खोलीतले सर गेली सहा वर्षं मांजरावर होते. म्हणजे मांजर दोन घरी जेवत असेल तर ते कायद्याने कोणत्या घरचं, यावर.

बाई विभागात आल्या तेव्हा असं नव्हतं. तेव्हा टाइपरायटर होता, कार्बन पेपर होता, आणि बाईंची उजवी करंगळी कायम जांभळी असे. लेखांची नावं सुटसुटीत असत. 'भाडेकरू'. 'करार मोडल्यास'. 'खून : काही विचार'. त्या वेळचे प्रमुख पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहीत आणि टाइप करायला देण्याआधी बाईंना वाचून दाखवत. शेवटी विचारत, "समजलं का गं?" बाई 'नाही' म्हणाल्या की ते शांतपणे कागद फाडत आणि पुन्हा लिहायला बसत. एकदा एकच पान त्यांनी नऊ वेळा फाडलं होतं. पुढे ते सर गेले, टाइपरायटर गेला, आणि "समजलं का" हा प्रश्न नेमका कधी गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नावं मात्र लांबत गेली. एकेका नावाला तीन तीन ओळी लागू लागल्या. कोणता लेख कोणाचा हे शोधताना बाईंचा जीव मेटाकुटीला येई. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सोय केली. लेख टाइप करून झाला की त्यात काय आहे ते चार शब्दांत लिहून ठेवायचं. 'अंतराळातला कचरा कोणी उचलायचा'. 'मांजर कोणाचं'. 'शेजाऱ्याची फांदी आपल्या अंगणात आली तर'. संगणकात दोन फायली होत्या. मोठ्या नावांच्या फायलीचं नाव होतं 'सूची'. आणि जिच्यावरून बाईंना खरोखर काही सापडे, तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'खरी सूची'.

छापखान्यात फाईल नेण्याचं काम शिपाईमामांचं. त्या दिवशी बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या.

"माझं काय चुकलं सांगा," मामा नंतर सगळ्यांना विचारत फिरत होते. "एकीचं नाव 'सूची', दुसरीचं 'खरी सूची'. खरी ठेवून खोटी नेऊ का मी?"

एकोणीस कायदेपंडितांनी हा प्रश्न एकमेकांकडे पाठवला.

सातशे प्रती छापल्या गेल्या आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या न्यायालयांत, वकिलांच्या खोल्यांत, वाचनालयांत पोचल्याही. विभागात तर हलकल्लोळ झाला. मीटिंग बोलावली गेली. प्रत्येकाने निषेध नोंदवला, आणि निषेध नोंदवण्याआधी प्रत्येकाने हळूच स्वतःचं पान उघडून आपल्याला काय म्हटलंय ते पाहिलं. सगळ्यात जास्त भडकले ते चौदा सर. वर्षाला चौदा लेख लिहीत म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. त्यांच्या पानावर पहिला लेख होता 'राज्यघटना आणि आपण'. त्याखाली ओळीने 'मागचाच', 'मागचाच, उदाहरण वेगळं', 'मागचाच, पण रागात', असं पान भरून.

"चौकशी झालीच पाहिजे!" चौदा सर गरजले. "सेवापुस्तकात लाल शेरा गेलाच पाहिजे!"

लाल शेरा हे शब्द ऐकल्यावर मीटिंगची टिपणं घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याला कारण होतं. बाईंचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या सेवापुस्तकात एक लाल शेरा होता. 'कार्यालयात झोपलेले आढळले'. एकच होता, पण गेली नऊ वर्षं घरात कुठलाही वाद झाला की बाई तो शेरा पानक्रमांकासह काढत. दूध उतू गेलं, काढ शेरा. छत्री विसरली, काढ शेरा. आता स्वतःच्या पुस्तकात लाल शाई घेऊन घरी जायचं म्हणजे उरलेलं आयुष्य त्या माणसासमोर मान खाली घालून काढायचं.

घरी त्यांनी सांगून टाकलं. यजमानांनी पेपर खाली ठेवला. त्याची व्यवस्थित घडी घातली. मग अतिशय प्रेमाने म्हणाले, "चहा करू का तुला?"

बाईंना त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. विभागात टाइप करणाऱ्या बाई एकट्याच, म्हणून ती त्यांनीच टाइप केली, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका सुधारल्या, मॅडमची सही घेतली आणि स्वतःला देऊन पोच घेतली. पाच जणांची चौकशी समिती बसली. त्यात चौदा सर होते, उंच सर होते, मांजरवाले सर होते, यंत्राच्या चित्रांवाल्या मॅडम होत्या आणि कोपऱ्यातल्या खोलीतले, कोणाच्या अध्यात ना मध्यात असणारे फांदीवाले सर होते.

नेमकी त्याच सकाळी एक म्हातारे शिंपी हातात तीन फुटांची फांदी घेऊन विभागात आले.

"शेजाऱ्याची फांदी कुठे बसतात?"

मामांनी त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. फांदीवाल्या सरांनी गेली एकोणीस वर्षं त्या खोलीत विद्यार्थ्याखेरीज माणूस पाहिला नव्हता. ते गडबडून उभेच राहिले. "बसा, बसा. म्हणजे आधी ती पुस्तकं खाली ठेवू."

"वाचनालयात छापलेलं वाचलं," शिंपी म्हणाले. "रोज माझ्या दारात पाचोळा. झाडायचा कोणी?"

"फांदी तुम्ही तोडलीत?"

"तोडली. चुकलं का?"

सरांचे डोळे चमकले. "मुळात तोच तर प्रश्न आहे!" असं म्हणून त्यांनी शिंप्यांना जे सांगायला घेतलं ते दुपारपर्यंत. मग दोघं मिळून झाड बघायला गेले, ते संध्याकाळीच परतले. शेजाऱ्याने चहा दिला होता, असं सर सगळ्यांना सांगत होते.

त्यानंतर रांगच लागली. एक बाई नवऱ्याचा फोन पदरात गुंडाळून आल्या. "हे गेले हो. फोन उघडत नाहीये. कंपनीवाले म्हणतात तो तुमचा नाही. 'मेल्यावर फोन कोणाचा'वाले कुठल्या खोलीत?" उंच सर आधी म्हणाले, "मी तसा प्रत्यक्ष प्रकरणं हाताळत नाही." मग त्या बाई म्हणाल्या, "त्यात त्यांचा आवाज आहे." सर उठले, आणि दार लावून त्यांनी कंपनीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पत्रात एकही तळटीप नव्हती. दोन शेजारणी एकाच मांजराला घेऊन आल्या. वरच्या मजल्यावर ठेवून दिलेलं लाकडी बाक मामांनी खाली आणलं आणि पूर्वी असायचं तसं व्हरांड्यात मांडलं. खूप वर्षांनी त्या व्हरांड्यात माणसांच्या बोलण्याचा आवाज भरून राहिला. प्राध्यापक एकमेकांना मुद्दाम सांगू लागले, "माझ्याकडे आज सात आले." "माझ्याकडे अकरा. पण त्यातले तीन तुझेच होते, चुकून आलेले."

चौदा सर आपल्या दारात उभे राहून रांगेकडे बघत. 'मागचाच' कोण, असं विचारत अजून कोणी आलं नव्हतं.

चौकशी मात्र थांबली नाही. कायद्याच्या लोकांनी एकदा सुरू केलेली चौकशी न्याय झाल्यामुळे थांबत नाही. बाईंना समितीसमोर बोलावलं गेलं.

"ही नावं तुम्ही कशावरून ठेवलीत?" चौदा सरांनी विचारलं.

"वाचून."

"काय वाचून?"

"लेख."

"सगळे?"

"टाइप करायचं म्हणजे वाचावंच लागतं ना, सर. का? तुम्ही एकमेकांचे नाही वाचत?"

समितीत पाच माणसं होती आणि पाचही जणांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

"माझे चौदाच्या चौदा वाचलेत तुम्ही?" चौदा सरांचा आवाज जरा खाली आला होता.

"एकच वाचला, सर. पण चौदा वेळा."

निकाल लिहायला समितीने दोन आठवडे घेतले. पाच जणांनी पाच स्वतंत्र मतं लिहिली. काही अंशी सहमत, काही अंशी असहमत, निष्कर्षाशी सहमत पण कारणांशी असहमत, असं सगळं मिळून एकशे बारा पानं झाली. कोणी कोणाचं मत वाचलं नव्हतं. गठ्ठा मॅडमच्या टेबलावर आला तेव्हा बाईंच्या नोकरीचे शेवटचे दोन तास उरले होते.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना मॅडम स्वतः उठून बाईंच्या टेबलाशी आल्या. एका हातात सेवापुस्तक, दुसऱ्या हातात गठ्ठा, आणि केसांत खोचलेलं लाल पेन.

"बाई, तुमचा निकाल लागलाय."

"काय लागलाय?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. आवाज उतरवला. "ते कळत नाहीये. मी तीनदा सुरुवात केली. पाचही जणांना विचारलं, तर प्रत्येक जण म्हणतो माझं मत स्पष्टच आहे, बाकीच्यांचं बघा. तुम्ही जरा वाचून सांगता का?"

बाईंनी चष्मा लावला. एकेक पान उलटू लागल्या. बोटं सवयीने झरझर चालत होती. चौऱ्याण्णव पानाशी ती थांबली. बाईंनी ते पान पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. मग गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला, दोरी बांधली, चष्मा काढला.

"सुटले मी," त्या म्हणाल्या.

"नक्की ना?"

"तुम्ही वाचून बघता का, मॅडम?"

मॅडमनी एकशे बारा पानांकडे पाहिलं. लाल पेन पर्समध्ये टाकलं आणि सेवापुस्तक मिटून बाईंच्या हातात दिलं. त्या संध्याकाळी यजमानांनी ते पुस्तक भिंग घेऊन दोनदा तपासलं आणि न जेवता झोपले.

तो अहवाल पुढे रीतसर बांधून विभागाच्या ग्रंथालयात ठेवला गेला. तिथे तो आजही आहे. चौऱ्याण्णव पानावर 'दोषी' असं तिसरं मत पडलं आहे, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी बाई दोषी ठरल्या आहेत. समितीतल्या पाच जणांपैकी कोणालाही ते अद्याप कळलेलं नाही.