मन्मथप्पांची उदाहरणे

मन्मथप्पा तीन वर्षं माझ्या वर्गात शिकले, पण वर्गाच्या आत एकदाही आले नाहीत. दाराबाहेर व्हरांड्यात पोतं अंथरून बसायचे, एक पाय चपलेत आणि एक बाहेर. आत मी समाजशास्त्र शिकवायचो आणि बाहेर त्यांची मान हलायची. "अप्पा, आत या की," म्हटलं की दुसराही पाय चपलेत जायचा. "नगं सर, हितंच बरं हाय. आत लई भ्या वाटतंय."

लातूर तेव्हा जिल्ह्याचं गाव होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेब नवे. नळ तेवढे कोरडे. अशात आमच्या कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र निघालं. पुस्तकं पोस्टानं घरी येणार, विद्यार्थ्यानं घरी बसून स्वाध्याय लिहायचे, पोस्टानं केंद्रावर पाठवायचे, केंद्रानं तपासून परत करायचे आणि रविवारी दोन तास वर्ग. तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हंगामी प्राध्यापक, नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

इथे शाळेचा दाखला नसला तरी प्रवेश मिळतो, हे कळल्यावर मन्मथप्पा शिरूर अनंतपाळहून पहिल्या एस.टी.नं आले. वय पंचावन्नच्या पुढे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गावात दोरखंडाचं दुकान. दाखला का नाही, याची हकिगत त्यांनीच सांगितली. निजामाच्या काळात मास्तरांनी त्यांना उभं करून उर्दूत काहीतरी विचारलं. हे उभे राहिले आणि तसेच दारातून पळाले ते कायमचे. "काय इचारलं हुतं ते आजूक ठावं न्हाई, सर. त्याचंच तर भ्या हाय."

भीती हा त्यांचा जोडधंदाच होता. हजेरी घेतली की त्यांना घाम फुटायचा. अर्जावर शिक्का उमटताना ते डोळे मिटून घ्यायचे. दुकान चालत नाही म्हणून घाबरणारे पुष्कळ पाहिले, हे चालतं म्हणून घाबरायचे. "हिरीचं पाणी खाली गेलं की दोर लांब लागतंय, सर. गेल्या साली गिऱ्हाईक तीस हात मागायचं, औंदा पन्नास मागायलंय. दोर मोजताना हात कापायलेत बगा."

त्यांचे स्वाध्यायही त्या दोरासारखे लांबत चालले होते. पहिल्या वर्षी एका पानाचं उत्तर, तिसऱ्या वर्षी चौदा पानांचं. आता खरं सांगून टाकतो. मी ते वाचत नव्हतो. कुणाचेच वाचत नव्हतो. गठ्ठा पुढ्यात घ्यायचा, शेवटचं पान उघडायचं, लाल पेननं लिहायचं, 'उत्तर चांगले. आणखी उदाहरणे द्यावीत', आणि सही ठोकायची. या शेऱ्यावर कुणाची कधी तक्रार आली नाही.

अप्पांची पदवी मात्र एका पेपरावर अडली होती. बाकीचे सगळे पेपर ते परीक्षेच्या खोलीत दाराजवळच्या बाकावर बसून, थरथरत का होईना, देऊन सुटले होते. शेवटच्या पेपराला दोनदा आलेच नाहीत. यंदा नोंदणीची मुदत संपत होती. मंगळवारी पेपर दिला नाही तर नाव कटणार आणि तीन वर्षं पाण्यात जाणार. पाणी नसताना!

आदल्या रविवारी मी वर्गावर गेलो तर व्हरांडा रिकामा. पाऊस नाही, एस.टी.चा संप नाही, आणि अप्पा नाहीत. मी तास कसाबसा उरकला आणि पत्ता शोधायला, परत पाठवायच्या गठ्ठ्यातून त्यांचा शेवटचा स्वाध्याय काढला. पत्ता पहिल्याच पानावर होता, पण हात पुढे गेला आणि मी वाचत सुटलो.

प्रश्न होता, कुटुंबाची कार्ये सांगा. पुस्तकातली कार्ये दोन पानांत संपली होती. पुढची बारा पानं उदाहरणांची होती, माझ्या शेऱ्याबरहुकूम. 'उदाहरणार्थ, माझी पत्नी काशीबाई. आम्ही दोघे विहिरीवर जात होतो. मी दोर ओढी व ती घागर धरी. ती वारल्यापासून मीच ओढतो व मीच धरतो. पाणी सांडते. आता विहिरीत वाकून पाहण्याचे भय वाटते. आतून कोणी हाक मारते असे वाटते. सर, हे उदाहरण बरोबर आहे का?'

त्याच्या खाली लाल शाईत माझं अक्षर होतं. 'उत्तर चांगले. आणखी उदाहरणे द्यावीत.'

एकटा माणूस, खोल विहीर आणि दुकानभर दोर. मिळाली ती एस.टी. पकडली.

शिरूरला दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. शेजारचा शिंपी म्हणाला, "अप्पा व्हय? मघाशीच गेले की हिरीकडं."

मी धावलो. प्राध्यापकानं भर गावातून असं धावू नये, पण धावलो. विहीर दिसली, विहिरीवर कुणी दिसलं नाही. कठड्याला वळसा घातला तर पलीकडच्या सावलीत, विहिरीकडे पाठ करून, मन्मथप्पा मांडीवर पुस्तक घेऊन बसलेले. मला पाहताच ते ताडकन उठले आणि दोन्ही पाय चपलेत गेले.

"सर! माझं नाव काटलं का?"

मी तिथंच मटकन बसलो. श्वास जागेवर आल्यावर रागच आला. "अप्पा, आज आला का नाहीत? मंगळवारी पेपर आहे. अभ्यास झाला नाही का?"

"पुस्तक पाट हाय, सर. पहिल्या सालापून पाट हाय."

"मग दोनदा पेपर कशाला बुडवलात? नापास व्हायची भीती?"

"पास व्हायची," अप्पा खाली बघत म्हणाले. "पास झालो की पोस्टमन कशाला येतंय माज्या दारात? काशी गेल्यापून मला कुणी काई इचारत न्हाई, सर. दोर मागत्यात, घेऊन जात्यात. तुमी तेवढं दर खेपेला लिवता, आनखी सांगा म्हून. आनखी सांग, असं आता कोन म्हनतंय?"

मला त्या क्षणी फार लाज वाटली. खरं सांगायचं धाडस झालं नाही. अजून झालेलं नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "पेपर द्या. पास झालात तरी उदाहरणं पाठवत जा. माझ्या घरच्या पत्त्यावर. मला वाचायची आहेत."

"शेरा मिळंल?"

"मिळेल."

मंगळवारी ते आले, दाराजवळच्या बाकावर बसले आणि घंटा होईपर्यंत लिहीत राहिले. बाहेर आले तेव्हा सदरा घामानं चिंब झाला होता. ते पास झाले. निकालाचा कागदही त्यांनी व्हरांड्यातूनच घेतला.

पुढच्याच महिन्यात माझ्या घरी जाड लिफाफा आला. आत प्रश्न नव्हता, विषय नव्हता. पहिल्या पानावर पहिलाच शब्द होता, 'उदाहरणार्थ'. सगळी पानं मी वाचली, मग पुन्हा वाचली. नंतर लाल पेनचं टोपण काढलं आणि काय लिहावं, याची मला भीती वाटली.