आप्पांच्या सहीची अंडी

गेनूआप्पांनी अंड्यांवर सह्या केल्या होत्या. नऊ अंडी, नऊ सह्या. शिसपेन्सिलीनं, ग्रामपंचायतीच्या ठरावाखाली करावी तशी, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून. का, तर कुणी अंडं बदललं तर कळावं.

शिक्रापूरला मी त्यांच्या चाळवजा घरात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. कंपनीत क्वालिटी खात्याला होतो, मापं तपासणं हेच माझं काम. आप्पा मात्र माणसं तपासायचे. बाहेर पडताना दाराच्या कडीत लोकरीचा धागा अडकवायचे आणि परत आल्यावर आधी धागा बघायचे. पोस्टमननं पत्र दिलं की पाकिटाचा डिंक उन्हात धरून न्याहाळायचे. आणि कशावरही त्यांचं एकच म्हणणं, "ह्यात कायतरी गोम हाय." पहिल्या दिवाळीला मी गावाकडचा चिवडा नेऊन दिला, तर म्हणाले, "पावणं, आधी तुमी खावा." मी खाल्ला. दहा मिनिटं माझ्या तोंडाकडं बघत बसले, मग डबा आत नेला.

तर अंडी. आप्पांनी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल जोडून अंडी उबवायची पेटी केली होती. आत चाळीसचा बल्ब, पाण्याची वाटी आणि बल्बशेजारी टांगलेला तापमापक. लाईट गेली की पेटीवर घोंगडी. लाईट तर रोजच जायची. दिवसातून तीनदा अंडी फिरवायचा नेम त्यांनी एकदाही चुकवला नाही.

एकविसाव्या दिवशी पिल्लं यायला हवी होती. तो दिवस उजाडला आणि मावळला. अंडी गप्प.

आप्पांनी चौकशी लावली. पहिला संशय शेजारच्या खोलीतल्या शिवपूजनवर. तो बिहारचा, माझ्याच कंपनीत कामाला. "परवा तुझ्या खोलीतनं तेलाचा वास आलता. काय तळलं?"

"चाचा, आलू तला था. हम तो अंडा खाते ही नहीं."

"न्हाई खात, मग अंड्याचं नाव कशाला काढलंस? मी कुठं काढलं?"

शिवपूजन बिचारा माझ्याकडं बघायला लागला. दुसरा संशय वायरमनवर, तो मुद्दाम आपल्याच आळीची लाईट घालवतो म्हणून. तिसरा माझ्यावर. बाविसाव्या दिवशी सकाळी आप्पा दारात उभे. "तुमी आंघुळीला हीटर लावता. तवा माझा बल्ब बारीक व्हतो. व्हय का न्हाई?"

मी म्हटलं, "आप्पा, आधी पेटी बघू द्या."

बराच वेळ विचार करून त्यांनी मला आत घेतलं. मी माझा तापाचा थर्मामीटर नेला होता. दोन्ही एका कोमट पाण्यात बुडवले, आकडा सारखाच आला. म्हणजे तापमापक खरा होता. मग तो बल्बशेजारून काढून अंड्यांच्या उंचीला ठेवला आणि अर्धा तास थांबलो. वर शंभर दाखवणारा पारा खाली अठ्ठ्याण्णवालाही पोचेना.

"बल्बाजवळची ऊब मोजत होता तुम्ही. अंड्यांना कमी पडत होती. कमी उबेला पिल्लू उशिरा निघतं. बरं, झाकण दिवसातून किती वेळा उघडता?"

"फिरवायला तीनदा."

"आणि सह्या बघायला?"

आप्पा छताकडं बघायला लागले. "आता ते काय मोजलंय व्हय? ईस-पंचईस येळा."

म्हणजे पेटीतली ऊब चोरणारा सापडला होता. पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. मी एवढंच म्हटलं, "नाहीतर ही टाकून द्या. राहू गावाला तुमचे पाहुणे आहेत ना? तिथून दुसरी आणू, नव्यानं लावू."

आप्पा एकदम खाली बसले. मग पेटीकडं बघत म्हणाले, "दुसरी कुठनं येतील? राहूवरनं तिनंच कोंबड्या आनल्या व्हत्या, माहेरच्या, पाटीत घालून. त्यांच्यातली शेवटची कोंबडी म्हैन्यामागं रस्त्यावर गेली. ट्रकखाली. तिची एवढीच ऱ्हायली."

आप्पांची बायको, ठकूबाई, तीन वर्षांमागं वारली होती. तिच्याबद्दल आप्पा माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.

मी बॅटरी मागितली. अंधाऱ्या कोपऱ्यात एकेक अंडं उजेडावर धरलं. तीन स्वच्छ होती, आरपार दिसणारी, त्यांत पिल्लू धरलंच नव्हतं. सहा काळीभोर, फक्त बोथट टोकाला उजेड. एकातलं काळं जरासं हललं. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. "हे तुमी हलवलं का?"

"नाही आप्पा. आतून हललं."

मग साठचा बल्ब लावला. ओलाव्यासाठी एक ओलं फडकं ठेवलं. शेवटचे दिवस, म्हणून अंडी फिरवणं बंद. झाकणाला मी सुतळी बांधली आणि सांगितलं, आवाज येईपर्यंत सोडायची नाही. आप्पांनी माझ्या गाठीवर आपली आणखी एक गाठ मारली.

ते दोन दिवस त्यांनी कसे काढले तेच जाणे. पेटीसमोर पोतं टाकून बसलेले. शिवपूजन चहा घेऊन आला, तर तो कप आधी त्याला न पाजता प्याले. मला भीती वाटली, आजारी बिजारी आहेत की काय.

चोविसाव्या दिवशी रविवार होता. दुपारी मी जेवून हात धूत होतो, तेवढ्यात आप्पांच्या दारातून बारीक चिवचिव आली. धावत गेलो. सुतळी सुटलेली, एक पिल्लू ओलंगिच्च बाहेर आलेलं, दुसऱ्या अंड्याला भोक पडलेलं. आप्पा त्यावर वाकले होते. मला पाठमोरे होते, मी आलेलं त्यांना कळलंच नाही. मान वळवून ते आतल्या रिकाम्या स्वयंपाकघराकडं ओरडले,

"अगं ए, आलं बघ! लवकर ये!"

आतून अर्थातच कुणी आलं नाही. आप्पा तसेच थांबले. मग त्यांना मी उंबऱ्यात दिसलो. चेहरा कसनुसा झाला. क्षणभर वाटलं, आता माझ्यातच गोम काढणार.

"तुमालाच हाक मारली मी," ते म्हणाले.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. "ऐकली म्हणून तर आलो."

त्यांनी जरा सरकून पोत्यावर मला जागा केली.