तोंड दिसणारी फरशी

तात्यांना फरशीत तोंड दिसायला हवं होतं. एवढीच हौस. म्हणून हॉलपासून बाहेरच्या ओट्यापर्यंत त्यांनी रेझिन ओतून घेतलं. कारागीर म्हणाला, "बाहेर तरी वाळू टाकू या, पाय सरकेल."

"आरशावर कोणी वाळू टाकतं का रे?" तात्या खेकसले. (दुसऱ्याची अक्कल फुकट मिळत होती, तीही घेतली नाही.)

पहिल्यांदाच ओटा धुतला आणि बायको जी घसरली ती थेट कुंडीत जाऊन बसली. उठली, बॅग भरली, बहिणीकडे निघाली.

"अहो, साबणाचं पाणी ओतून त्या ओट्यावर नाचून दाखवा. मगच मी घरात पाऊल टाकेन!"

झालं! म्हातारा पेटला. सँडपेपरने घासघासून चकाकी घालवली, रेझिनचा नवा हात दिला आणि तो ओला असतानाच चाळलेली कोरडी वाळू मुठीमुठीने उधळली, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.

"बाबा, पुरे!" सून खिडकीतून ओरडली.

"गप गं! सासू परत आणायची आहे ना?"

"घाई नाही हो."

रेझिन वाळलं. सुटी वाळू झाडली, वरून पातळ हात मारला, तोही पक्का होऊ दिला. ओटा असा खरखरीत झाला की मांजरसुद्धा पंजा जपून टाकू लागलं.

बायको आली. तात्यांनी बादलीभर साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी नाचले! गिरकी काय घेतली, एका पायावर उभे काय राहिले! पाय तसूभर सरकेल तर शपथ. शेजारी कुंपणावरून टाळ्या पिटत होते. बायकोला हसू फुटलं. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात गेली.

"ती वाळूत पडलेली माझी पिठाची चाळण आहे?"

"नवी आणतो! तू आधी आत चल!"

तिची बॅग उचलून, विजयी वीरासारखे, साबणाच्या पायांनीच तात्या हॉलमध्ये घुसले.

हॉलमध्ये वाळू नव्हती.

सोफा गेला, टेबल गेलं, सुनेची किंकाळी मागे पडली. तात्या थांबले ते स्वयंपाकघराच्या दाराशी, पालथे, फरशीला नाक टेकून.

बायको ओट्यावरून हलली नव्हती.

"दिसतंय का हो तोंड?"

"दिसतंय," तात्या कण्हले.

"मग नीट बघून घ्या. आणि माझी बॅग इकडे ढकला. येईल आपोआप."