बापूरावांच्या कुत्र्याचं बारसं

आमच्या शेजारचे बापूराव धकाते माणसांना अरे-तुरे करतात आणि कुत्र्याला अहो-जाहो. मी थट्टा करत नाही. सकाळी दूधवाला फाटकाशी आला की ते ओरडतात, "काहून बे, आज पुन्हा उशीर? झोपून राहिला होता काय?" आणि त्याच दमात मागे वळून पिल्लाला म्हणतात, "तुम्ही इकडे या. बसा. सायकलीच्या मागं धावू नका." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांच्याकडे व्याही आलेत.

मी एकदा विचारलंच, तर माझ्यावर खेकसले. "ज्याचं नाव ठेवलं नाही त्याले अरे कसं म्हणू? ओळख ना पाळख! काही रीतभात आहे का नाही वं सुनीता?"

बापूराव हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. वडील हातमागावर लुगडी विणायचे, यांनी जन्मभर मशिनी चालवल्या. मैनाकाकू गेल्यापासून एकटेच आहेत, आणि राग हा त्यांचा पूर्णवेळ धंदा आहे. उन्हाळ्यात कूलर गार हवा देत नाही म्हणून कूलरवर चिडतात आणि थंडीत तोच कूलर खिडकीतून काढायला कोणी येत नाही म्हणून आमच्यावर. टीव्हीवर बातम्या लावतात त्या ऐकायला नाही, उलट उत्तर द्यायला. मीही काही गरीब गाय नाही. त्यामुळे आमच्या मधल्या भिंतीवरून दोन्ही बाजूंनी आवाज जात-येत असतो.

हे पिल्लू गांधीबागेच्या कापडबाजारात मिळालं. बापूराव लुंगी घ्यायला गेले होते. एका दुकानदारानं गठ्ठ्यामागे झोपलेल्या पिल्लाला लाथेनं बाहेर ढकललं. मग काय, तिथं जे भांडण झालं त्यात लुंगी राहिली आणि पिशवीतून पिल्लू घरी आलं.

नाव पुराणातलंच पाहिजे, असा हुकूम सुटला. समोरचा इस्त्रीवाला 'टॉमी' म्हणाला, तर बापूरावांनी आपले शर्ट चुरगळलेलेच परत आणले. माझ्या नवऱ्यानं अर्जुन सुचवलं. "त्याले पोपटाचा डोळा सोडून काही दिसत नव्हतं, अन् ह्यायले पोळी सोडून काही दिसत नाही. शोभते काय?" मग कर्ण सुचवलं, टाकलेलं पोर म्हणून. त्यावर तर ते भडकलेच. "म्हणजे तुले आईनं टाकलं, हे त्यायले रोज हाका मारू मारू सांगू?" कुंभकर्ण म्हटलं तर, "लेकराचं वय आहे, झोपन नाही तर काय ड्यूटीवर जाईन?" बिभीषण म्हटलं तर, "घरभेद्या! राखणीले ठेवलं अन् चोराले दार उघडून देईन!"

महिनाभर हेच. शेवटी एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी भिंतीवरून ओरडले, "मग ध्रुव ठेवा! त्याला बापाच्या मांडीवरून ढकललं, ह्याला दुकानातून ढकललं. आता तुमच्या दारातून हलत नाही मेलं. अढळपदच आहे ते!"

मी उत्तराची वाट बघत कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. पण बापूरावांनी पिल्लाला उचललं, आत गेले आणि दार लावून घेतलं. पुढे काही दिवस भिंतीपलीकडून आवाजच नाही. टीव्हीसुद्धा बंद. त्या शांततेचा मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त राग यायला लागला.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणलीस तू त्यायले?" मी सांगितलं, तशा त्या माझ्यावरच उखडल्या. "कशाले वं ते नाव घेतलं तू?"

मग त्यांच्याकडून मला सगळं कळलं. मैनाकाकूंना फार उशिरा दिवस गेले होते. बापूरावांची धाकटी बहीण सिंधू, खाप्याला दिलेली. तिच्या आनंदाला पारावार नव्हता. बाळ व्हायच्या आधीच ती खाप्याहून पाळणा घेऊन आली. मुलगा झाला तर ध्रुव, हेही सांगून मोकळी झाली. मुलगाच झाला, पण बारशाच्या आधीच गेला. बापूरावांनी तो पाळणा अंगणात फेकला आणि बहिणीला म्हणाले, "तुझा पाळणा आधी आला, म्हणून माझं लेकरू गेलं." त्याच दिवशी सिंधूआत्या बसमध्ये बसल्या. मैनाकाकू गेल्या तेव्हा तेवढ्या आल्या, अंगणातून दर्शन घेतलं आणि भावाशी एक शब्द न बोलता परत गेल्या.

बारशात नाव आत्यानं कानात सांगायचं असतं. म्हणजे बापूरावांच्या मनात कुत्र्याचं नाव केव्हाच ठरलेलं होतं. ते सांगणारं माणूस खाप्यात दुखावून बसलं होतं, आणि हा माणूस इथं गावभर नावं गोळा करत ओरडत होता.

मला बापूरावांचा भयंकर राग आला. बहिणीला असलं बोलायचं? मी तडक त्यांच्या घरात गेले. तर ते माझ्याआधीच पेटलेले. इतक्या दिवसांनी लावलेल्या टीव्हीवर कोणी महाराज प्रवचनात पांडवांची स्वर्गाची वाट सांगत होते, आणि बापूराव युधिष्ठिरावर तुटून पडले होते.

"ऐकून राहिली काय? बायको वाटेत पडली, मागं वळून नाही पाह्यलं! भाऊ पडले एकामागं एक, तरी नाही पाह्यलं! अन् स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला! ह्याले धर्मराज म्हणते लोक?"

"तुम्ही तरी काय वेगळं केलंत?" मी म्हटलं. "बहिणीकडे पाहिलंत का कधी वळून?"

पिल्लू दोघांच्या मधे उभं राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होतं. "चाल, नीघ," बापूराव म्हणाले. मी फाटक आपटून निघाले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून फोनवरचा आवाज आला. "हो, मीच आहो. ओरडून नाही राहिलो! आवाजच असा आहे माझा! बारसं आहे. माझ्या घरी. कुत्र्याचं." मी भिंतीला कान लावून उभी. शेवटी इतकंच ऐकू आलं, "ये वं, सिंधू."

रविवारी सिंधूआत्या आल्या त्या फाटकापासूनच भांडत. बस भंगार, ऊन मरणाचं, फाटकाला तेल का नाही. आवाज तोच, थेट बापूरावांचा. सासूबाईंनी घुगऱ्या केल्या होत्या. पिल्लू टोपलीत, मैनाकाकूंच्या जुन्या लुगड्यावर बसलं होतं.

"काय नाव ठेवाचं आहे?" आत्यांनी विचारलं.

बापूराव जमिनीकडे बघत म्हणाले, "तू ठेवलं होतं ते."

आत्या ताडकन उठल्या. "ते माझ्या भाच्याचं नाव आहे! कुत्र्याले देऊ?"

"तो नाही राह्यला, सिंधू. नाव तसंच पडून आहे. त्या नावानं कोणाले एक हाकसुद्धा मारता नाही आली मले." मग घसा खाकरून, रागावल्यासारखेच म्हणाले, "अन् पाळण्याचं मी खोटं बोललो. तुझा काही दोष नव्हता."

"हे सांगाले म्हातारा झाला तू, दादा?"

आत्यांनी डोळे पुसले, टोपलीपाशी बसल्या आणि पिल्लाचा कान धरून त्यात कुर्र केलं. नाव आम्हाला कोणालाच ऐकू गेलं नाही. रीतीप्रमाणे आम्ही बायकांनी त्यांच्या पाठीवर धपके घातले. मी हळूच घातला, कारण पाठ आधीच हलत होती.

बापूराव मांडी घालून बसले आणि गरजले, "ये रे ध्रुव!"

पिल्लू जागचं हललं नाही. त्याला अरे म्हटलेलं ठाऊकच नव्हतं. बापूरावांनी आणखी दोनदा ओरडून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ध्रुव, या."

ते टोपलीतून उतरलं, चालत आलं आणि त्यांच्या मांडीवर चढून झोपलं.

घुगऱ्या वाटून झाल्या, माणसं घरोघर गेली, तरी बापूराव तसेच बसलेले. सिंधूआत्या म्हणाल्या, "ऊठ आता, जेवाले चाल."

"पाय गेले माझे!" बापूराव त्यांच्यावर ओरडले. "पण उठू कसा? हा मांडीवर आहे ना!"