रेडिओचा स्वेटर

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की ऐन एप्रिल महिन्यात, भिवंडीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, आमच्या घरातल्या रेडिओला लोकरीचा स्वेटर घालण्यात आला. स्वेटर पोपटी रंगाचा होता. गळ्याशी तीन बारीक बटणं होती. आणि त्याला दोन बाह्या होत्या.

"आप्पा, रेडिओला बाह्या कशाला?" मी विचारलं.

"डावी एरियलची, उजवी वायरची," आप्पा सोमण म्हणाले. लगेच त्यांचा चेहरा पडला. "का हो मास्तर? घट्ट होतेय का?"

आप्पा आमच्या शाळेत हेडक्लार्क आणि घराला घर लागून असलेले माझे शेजारी. सदैव काळजीत असलेला माणूस. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून पाहायचे, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा ओढायला परत यायचे. शाळेत कुठलाही पेच आला की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "थांबा. नियमात बसवू." आणि बसवायचेच. फी उशिरा आणणारी मुलं, रजा संपलेले शिक्षक, एकदा तर शाळेच्या ओट्यावर व्यालेली कुत्री आणि तिची पाच पिल्लंसुद्धा त्यांनी नियमात बसवली होती.

विणकामही त्यांच्या गळ्यात नियमानंच पडलं. मुलींच्या शिवणकामाच्या बाई तीन महिने रजेवर गेल्या. बदली कोणी मिळेना. तासाला वर्ग मोकळा ठेवायचा नाही असा नियम, म्हणून आप्पा स्वतः जाऊन बसले. आठवीच्या मुलींनी त्यांना दोन सुलट, दोन उलट शिकवलं. तीन महिन्यांनी बाई परत आल्या, तेव्हा वर्गात सगळ्यात चांगला मफलर हेडक्लार्कचा होता.

आमच्या घरांच्या मागच्या भिंतीला लागून रफिकभाईंचे कापड विणायचे बारा लूम. दिवसभर खटाखट, खटाखट. पाहुण्यांचं डोकं उठायचं. आप्पांना मात्र त्या तालावरच टाके घालता यायचे. लाइट गेली आणि लूम थांबले की ते सुया मांडीवर ठेवून गप्प बसायचे. म्हणायचे, "शांत असलं की मला भीती वाटते. टाका सुटतो."

तर, रेडिओ. आठवडाभरानं आप्पांनी माझ्या सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी मोजे चढवले. इवले इवले, पांढरे, वर गुलाबी नाडी. "तुमच्या तळहाताला घट्टे पडतात," म्हणाले. त्या मोज्यांनिशी मी शाळेत गेलो. दहावी 'अ'नं त्या दिवशी माझ्याकडून इतिहास म्हणून काहीही ऐकून घेतलं नाही.

मग रफिकभाईंच्या कारखान्यातल्या चहाच्या किटलीला टोपी आली. गोंडा लावलेली, कानपट्ट्यांची.

"आप्पासाब," रफिकभाई टोपी उलटीसुलटी करत म्हणाले, "किटली को कान किधर होता है?"

"एक तरफ हँडल, एक तरफ नळी. हो गया ना दो?"

"और ये नाडी?"

"हवा में उड़ेगी तो?"

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

इतकं करून हा माणूस थांबता, तरी आम्ही सुखात राहिलो असतो. पण रोज संध्याकाळी आप्पांची तपासणी सुरू झाली. माझ्या घरी यायचे, रेडिओपाशी वाकायचे. "घातलाय ना? काढला नव्हता ना मध्ये? धुतला कितव्यांदा?" आमच्या हिनं एकदा स्वेटर नीट घडी करून कपाटात ठेवला, तर आप्पांचा आवाज कापायला लागला. "वहिनी, नवा ठेवू नका! वापरा. मळू द्या, धुवा, परत वापरा. जुना झाला पाहिजे!"

"अहो, पण कधीपर्यंत?"

"जूनपर्यंत," आप्पा म्हणाले आणि जीभ चावून निघून गेले.

हे कोडं फोडलं बारकूबाईनं. ती शेलार गावाहून डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. तिच्या मेथीवर झाकायला म्हणून आप्पांनी एक हातभर गोधडी शिवून दिली. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या नऊवारीचे थर, त्यावर बारीक धावदोरा, चारी कडांना लाल पट्टी. बारकूबाईनं गोधडी गालाला लावली, आप्पांकडे निरखून पाहिलं आणि भर रस्त्यात म्हणाली, "आप्पा, ही काय मेथीला न्हाय. ही पोराला हाय."

"शू! शू! बारकूबाई, काही बोलू नका!" आप्पा दोन्ही हात हलवत तिच्या अंगावर धावून गेले. मग वळून स्वतःच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत त्यांची मुलगी शुभा बसली होती. सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी आलेली.

मग मला सगळं लख्ख आठवलं, आणि इतके दिवस हसल्याची लाज वाटली.

दोन वर्षांपूर्वी शुभा अशीच आली होती. तेव्हा आप्पांनी उघडउघड विणलं होतं. पिवळा स्वेटर, पिवळी टोपी, पिवळे मोजे. शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवले होते. दिवस भरले, मुलगा झाला, पण तो रडलाच नाही. पुढे कुणाच्या तरी हळदीकुंकवात बायका बोलल्या: मूल व्हायच्या आधी नवं शिवतं का कोणी? पहिलं अंगडं जुन्याचं असतं, एवढंही कळू नये? आप्पा तेव्हा बाहेर काकूंची वाट पाहत उभे होते. त्यांनी ऐकलं. घरी आल्यावर काकूंनी सुया आणि उरलेली लोकर माळ्यावर टाकली आणि शिडी आमच्याकडे ठेवायला दिली.  दोन वर्षं आप्पांचे हात नुसते मांडीवर पडलेले असायचे, आणि बोटं हलत असायची.

आता शुभा पुन्हा आली होती आणि बोटांना राहवत नव्हतं; शाळेतल्या शिवणाच्या कपाटातून सुया आणि लोकर आली होती. बाळासाठी नवं करायचं नाही हा नियम. बाळाला पहिलं जुनं घालायचं हाही नियम. दोन नियमांच्या मधल्या फटीतून हेडक्लार्क सोमण अलगद आत शिरले होते. त्यांनी बाळासाठी काहीच केलं नव्हतं. त्यांनी फक्त रेडिओसाठी, किटलीसाठी आणि मेथीसाठी केलं होतं. आणि जूनपर्यंत ते सगळं जुनं होणार होतं.

मी दुसऱ्या दिवशी शिडी त्यांच्या दारात नेऊन ठेवली. काकू ओट्यावर गहू निवडत होत्या. "ठेवा तिकडे," मान वर न करता म्हणाल्या. "मला काही दिसत नाही हल्ली."

त्यानंतर आम्हीही सामील झालो. रफिकभाई किटलीची टोपी दर शुक्रवारी धुवायला लागले. मी सायकलचे मोजे घालून पोरांसमोरून ताठ मानेनं जायचो. आप्पा 'बाळ' हा शब्द चुकूनही उच्चारत नसत. डॉक्टरीण बाईंकडे शुभाला दाखवून आणलं की आमच्याकडे यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि म्हणायचे, "आज रेडिओ बरा आहे. वजन जरा कमी आहे म्हणाल्या. रेडिओचं."

गंमत म्हणजे खरा रेडिओ तोवर मुका झाला होता. स्वेटरचं माप पुन्हा घेताना तो आप्पांच्याच हातून पडला. मी दुरुस्तीला निघालो तर आप्पा दारात आडवे. "दुरुस्तीला द्यायचा म्हणजे स्वेटर काढणार. म्हणजे सेवा खंडित होणार. नाही मास्तर. सलग सेवा हवी." तेव्हापासून आमच्या घरात बातम्या बंद, स्वेटर चालू.

आणि मेच्या मध्यावर एका दुपारी, जूनची वाट न पाहता, शुभाच्या पोटात कळा सुरू झाल्या. आठवा महिना. काकूंनी तिला रिक्षात घातलं. मी निघालो, तर मागून आप्पांची हाक आली. "मास्तर, रेडिओ!"

"आत्ता?"

"मी उचलायचा नाही, तुम्ही उचला. तुमचा आहे. तुम्ही सहज बरोबर आणलात."

म्हणून मी सहज, भर उन्हात, स्वेटर घातलेला बिघडलेला रेडिओ काखेत मारून दवाखान्यात गेलो. बाकावर बसल्याबसल्या आप्पांनी तो माझ्याकडून घेतला आणि छातीशी धरला. समोरच्या गल्लीत लूम चालू होते, खटाखट, खटाखट. आप्पांचे ओठ हलत होते. दोन सुलट, दोन उलट.

नर्सबाई आल्या. "दवाखाना आहे हा! रेडिओ बंद करा."

"बंदच आहे हो," मी म्हटलं. "महिनाभर बंद आहे."

त्यांनी स्वेटरकडे पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि आत गेल्या. अर्ध्या तासानं त्याच घाईनं बाहेर आल्या. आता आवाज वेगळा होता. "बाळ फार लहान असणार. उबेला काही आणलंय का? नवं नको, धुतलेलं, मऊ पाहिजे."

काकू आतून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांच्या हातात जुन्या धोतराच्या घड्या होत्या, पण त्या सुती. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. मग रेडिओकडे.

"जुना आहे ना?" काकूंनी विचारलं. गेल्या दीड महिन्यात त्या विषयावर बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

 आप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

"वापरलेला आहे, काकू," मी म्हणालो. "सहा वेळा धुतलाय. माझ्या रेडिओनं रोज घातलाय."

आप्पांनी एरियल आत ढकलली आणि बटणं काढायला घेतली. तीन बटणं. एकही निघेना. शेवटी काकूंनीच पुढे होऊन ती सोडवली, एकेक करून, सावकाश, जणू आतलं कुणी झोपलं होतं. आप्पांनी इतका वेळ छातीशी धरल्यानं लोकर कोमट झाली होती. ती काकूंनी तळहातावर घेतली, क्षणभर तशीच धरून ठेवली, आणि आत गेल्या. दार लागलं.

मग लाइट गेली. समोरच्या गल्लीतले लूम एकामागून एक थांबले. पंखा थांबला. उघडा रेडिओ मांडीवर घेऊन आप्पा बसून राहिले. आत पावलं वाजली. डॉक्टरीण बाईंचा आवाज आला, "झाली, मुलगी झाली," आणि पुढे काहीच नाही.  आप्पांनी माझं मनगट पकडलं. दोन वर्षांपूर्वी याच बाकावर आम्ही असेच बसलो होतो, आणि त्या दिवशीही एवढीच शांतता होती. मी दाराच्या कडीकडे पाहत राहिलो, कारण आप्पांकडे पाहायची हिंमत नव्हती.

आधी एक खरखर ऐकू आली. मग थांबली. मग पुन्हा खरखर, आणि तिच्या पाठोपाठ एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज दाराखालून, भिंतीतून, सगळीकडून यायला लागला आणि थांबेचना.

आप्पा ताडकन उठले. कपाळावरचा चष्मा खाली पडला. माझा रेडिओ दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, त्या शिस्तीच्या दवाखान्यात, हेडक्लार्क सोमण गळा फाडून ओरडले, "लागला! मास्तर, रेडिओ लागला!"