सात नंबरचा रस्ता

तळेगावात सायकली बऱ्याच जणांकडे होत्या. पण सायकल खांद्यावर घेऊन सडक ओलांडणारे गृहस्थ एकच होते. ते म्हणजे आमच्या शाळेतील भूगोलाचे शिक्षक, गणपुले मास्तर. त्यांचे बिऱ्हाड स्टेशनच्या बाजूला, शाळा गावात आणि मधे मुंबई-पुण्याची मोटारींची सडक. तिच्यावर नुकतेच डांबर पडले होते. मास्तर कडेला उतरत, दोन्ही बाजूंना पाहत, सायकल उजव्या खांद्यावर घेत आणि पलीकडच्या मुरमावर ती झोपलेल्या मुलासारखी अलगद टेकवून पुन्हा स्वार होत. हा विधी दिवसातून दोनदा चाले.

कारण विचारले की ते म्हणत, "डांबर लागतं." चाकाला डांबर लागले म्हणून काय बिघडते, हे मात्र ते कधीच सांगत नसत.

सायकलीचेही वर्णन करणे आवश्यक आहे, कारण ती बायकांची होती. मधली दांडी नाही, मागच्या चाकावर झगा आत जाऊ नये म्हणून दोऱ्यांची जाळी. लोणावळ्याचा बंगला सोडून जाणाऱ्या एका पारशी बाईंकडून मास्तरांनी ती घेतली आणि सडक टाळून, आडवाटांनी, दीड दिवसात तळेगावी आणली. शिक्षकांच्या खोलीत तिची थट्टा होत असे. तिची ओटी भरलीत का, असे मी स्वतःच एकदा त्यांना विचारले होते. सगळे हसले. मास्तरही हसले आणि म्हणाले, "दातार, दांडी नसली की उतरायला सोपं. बैलगाडी आली की उतरावं लागतं." उत्तर तर्काला धरून होते, म्हणून मी ते मान्य केले. पुढे माझ्या ध्यानात आले की बैलगाडी आली तरी मास्तर उतरत नसत. बाजूने निघून जात.

त्यांची खरी कीर्ती होती ती एका वहीमुळे. वहीवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'निर्मोटर मार्ग'. मोटारीची वर्दळ नसलेल्या, मुरमाच्या आणि गाडीवाटांच्या चौदा रस्त्यांची ती नोंद होती. कोणता आंबीकडे नदीच्या काठाने जाई, कोणता सुदुंबऱ्याला माळावरून. प्रत्येक रस्त्यापुढे रकाने असत: अंतर, चढ, सावली, पाणी, कुत्री, माणसे, शेरा. नव्या वाटेवरून परतले की मास्तर आनंदाने सांगत, "दातार, मुरूम बोलतो. डांबर गप्प बसतं." चाकाखाली मुरूम कोणत्या सुरात वाजतो यावरून तो कोणत्या खाणीचा, हे ओळखण्याचा त्यांचा दावा होता. आम्ही तो कधी तपासून पाहिला नाही.

इंदुरीच्या वाटेवर सखारामआबा नावाच्या शेतकऱ्याची विहीर होती. तेथे मास्तर हमखास थांबत. मी एकदा सोबत होतो तेव्हा आबा म्हणाले, "मास्तर, सडक सोडून रानातनं हिंडता, ही सायकल हाय का शेळी?"

"शेळीच, आबा," मास्तर म्हणाले. "फक्त कुंपण खात नाही."

आता माझ्या हातून जे घडले ते क्रमाने सांगतो.

एका हिवाळ्यात मुलांना इंदुरीची गढी दाखवावी असे ठरले. सडकेवर मोटारी वाढल्या होत्या, म्हणून निर्धोक वाटेसाठी मी मास्तरांची वही मागितली. त्यांनी ती लगेच दिली, पण म्हणाले, "सातवा सोडून कोणताही घ्या. सातवा माझा आहे."

रस्ता कोणा एकाचा कसा असेल? मी वही घरी नेऊन सर्व मार्गांचा तौलनिक तक्ता केला. सातवा निःसंशय उत्तम होता. 'चढ: नाही. सावली: आंब्यांची रांग. पाणी: आबांची विहीर. कुत्री: एक, म्हातारे. माणसे: रविवारी सकाळी नाहीत. शेरा: वळणावर बोरीपाशी सावध, अडकते.' निबंध तपासून तयार झालेल्या माझ्या डोळ्यांना या शेवटच्या वाक्यात कर्ता नाही, एवढेच दिसले. काय अडकते, हा प्रश्न मला पडला नाही. मास्तर सायकलीवर नेहमी खाकी अर्धी विजार घालत. तिच्यातले बोरीला अडकावे असे काही नव्हते. एका विक्षिप्त माणसाचा कंजूषपणा, असे ठरवून मी वही परत केली आणि रविवारी सकाळी बत्तीस मुले, दोन रांगा आणि एक शिट्टी घेऊन सातव्या मार्गाने निघालो.

आंब्यांची रांग संपून वळण येते तेथे प्रथम मुरमाचा आवाज ऐकू आला. मग हसणे. मग वळणावरून सायकल आली. तिच्यावर गणपुलेवहिनी होत्या. नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, मान ताठ, नजर समोर. मागून मास्तर धावत होते. त्यांचा हात खोगिराच्या मागे होता, पण खोगिराला लागलेला नव्हता. वीतभर अंतर होते. वहिनींना ते ठाऊक नसावे. त्या हसत म्हणत होत्या, "सोडू नका हं. सोडलंत तर आज आमटी अळणी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत कुचेष्टा नव्हती, याची मी आजही ग्वाही देईन. पण वहिनींनी मान वळवली, आम्हाला पाहिले आणि त्या उतरल्या. पडल्या नाहीत, नीट उतरल्या. पदर सोडून डोक्यावर घेतला आणि बोरीच्या कुंपणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्या क्षणी मी मुलांना पाठमोरे करून परत न्यायला हवे होते. पण माझी सारी हयात शाळेत गेलेली. मोठे माणूस समोर आले की मुलांनी काय करायचे, हे मला एकच ठाऊक होते. मी शिट्टी वाजवली आणि म्हणालो, "मुलांनो, बाईंना नमस्कार करा."

बत्तीस मुले एका सुरात म्हणाली, "नमस्कार, बाई."

वहिनींची पाठ हलली नाही. मास्तरांनी सायकल उचलली, माझ्याकडे पाहून किंचित मान लववली आणि रांगांना वाट करून दिली.

बत्तीस मुले म्हणजे बत्तीस घरे. संध्याकाळपर्यंत गोष्ट स्टेशनच्या बाजूला पोचली होती आणि मास्तरांच्या आईही त्यांच्याच बिऱ्हाडी राहत होत्या.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी मी एकटा आबांच्या विहिरीवर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. आबा मोट थांबवून म्हणाले, "बाई न्हाई आल्या लय दिस." ते पुढे म्हणाले, "देवीला जाते म्हनून परडी घिऊन पायी यायच्या, मास्तर दुसऱ्या अंगानं सायकल आनायचे. आमी रविवारी गाडी वरल्या वाटंनं न्यायचो, कुत्रं बांधून ठिवायचो. परत्येक बारीला थोडं म्होरं जायच्या. मागल्या टायमाला पार वळनापातुर आल्या व्हत्या."

अक्षरओळख नसलेल्या या माणसाने माणसांचा तो रकाना वर्षभर रिकामा ठेवला होता. मी तो वाचून भरला.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत मास्तरांची क्षमा मागितली. वाक्ये तयार करून नेली होती, त्यांतले पहिलेच पुरे होण्याआधी ते म्हणाले, "अहो दातार, तुम्ही मुलांना नमस्कारच करायला सांगितलात. शिव्या द्यायला नाही." मग डांबराचे कधी न सांगितलेले कारण त्यांनी सांगितले. "चाकाचं डांबर उडतं. लुगड्याला ठिपका पडला तर घरी काय सांगायचं? आईची नजर अजून चांगली आहे." एवढे बोलून त्यांनी पेटीतून वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "ठेवा तुमच्याकडे. शाळेच्या उपयोगी पडेल."

सातव्या मार्गापुढे, माणसे या रकान्यात, 'रविवारी सकाळी नाहीत' हे शब्द एका सरळ रेघेने खोडले होते. खाली त्याच सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'आहेत'.

वही आजही माझ्याकडे आहे. त्यानंतर एकाही सहलीला मी ती उघडली नाही.

मास्तर पुढे बरीच वर्षे तीच सायकल वापरत होते. मात्र ती खांद्यावर घेतलेली पुन्हा कोणी पाहिली नाही. ते सडकेवरूनच येत, मोटारींच्या कडेकडेने. उन्हाळ्यात शाळेच्या ओसरीवर ते सायकल लावत तेव्हा शहाबादी फरशीवर चाकांचे दोन काळे पट्टे उमटत. शिपाई ते घासून काढताना कुरकुर करी. मी वर्गातून ते पाहत असे आणि मुलांना पुढचे वाक्य सांगायचे विसरत असे.